विश्लेषण : ऑनर्सचे चौथे वर्ष दारात, शिकवणारे प्राध्यापक कुठून आणणार?

नव्या शैक्षणिक धोरणातील चार वर्षांच्या पदवीची चर्चा बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या बाजूने होते. एक वर्ष जास्त लागणार, खर्च किती, नोकरीत फायदा काय, पदव्युत्तर पदवी एका वर्षात होणार का? हे प्रश्न योग्यच आहेत. पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न मागे राहून जातो. या चौथ्या वर्षात वर्गात उभे कोण राहणार? महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला नवी रचना लागू केली. म्हणजे स्वायत्त महाविद्यालयांची पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये आणि संलग्न महाविद्यालयांची २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात पोहोचते. अभ्यासक्रमाचे आराखडे तयार आहेत, प्राध्यापकांचा हिशेब मात्र अजून कुणी मांडलेला नाही.

‘ऑनर्स’ म्हणजे नेमके काय?

हा शब्द भारतात नवा नाही. दिल्ली आणि कोलकाता विद्यापीठांत एका विषयाचा सखोल अभ्यास करून मिळणारी तीन वर्षांची ऑनर्स पदवी अनेक पिढ्यांनी घेतली आहे. महाराष्ट्रात मात्र तिसऱ्या वर्षाला ‘स्पेशल’ विषय घेऊन साधी पदवी घेण्याची रीत रुळली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने या शब्दाचा अर्थ बदलला. आता ऑनर्स म्हणजे पदवीचे चौथे वर्ष. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, तर चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० श्रेयांक लागतात. तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. चौथे वर्ष ऐच्छिक आहे.

या चौथ्या वर्षात पुन्हा दोन वाटा आहेत. पहिली साध्या ऑनर्सची. तिच्यात विद्यार्थी प्रगत विषयांचे पेपर देतो. दुसरी ‘संशोधनासह ऑनर्स’ची. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यांसाठी ती खुली असते. त्यात विद्यार्थ्याला प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असतील, तर पीएच.डी.च्या प्रवेशाचा मार्गही थेट खुला होतो. त्यामुळे हुशार आणि होतकरू मुले याच वर्गात येऊ पाहणार, हे उघड आहे.

शिकवण्यास पात्र कोण?

इथे नियम बरेच स्पष्ट आहेत. संशोधनासह ऑनर्स चालवणाऱ्या विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम प्राध्यापक असावेत, ही आयोगाची अपेक्षा आहे. शिवाय ग्रंथालय, नियतकालिके, संगणक आणि प्रयोगशाळा या सोयी हव्यात.

आता मार्गदर्शक म्हणून मान्यता कुणाला मिळते ते पाहू. २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापकांकडे पीएच.डी. आणि किमान पाच शोधनिबंध हवेत, सहायक प्राध्यापकाकडे पीएच.डी. आणि किमान तीन. आणि हे सारे पूर्णवेळ, नियमित नेमणुकीवरच असले पाहिजेत. ‘कायम’ हा छोटा शब्द महाराष्ट्रातील शेकडो विभागांना अडणार आहे, कारण अनेक महाविद्यालयांत विषयाचा एकच कायम प्राध्यापक उरला आहे आणि बाकीचे तास तासिका तत्त्वावर चालतात. काही ठिकाणी तर विभागप्रमुख निवृत्त झाल्यावर ते पद पुन्हा भरलेच गेले नाही. अशा विभागाच्या पाटीवर ‘ऑनर्स’ लिहिता येईल, पण नियमात बसणारा दुसरा मार्गदर्शक कुठून येणार?

हे काम नेहमीच्या तासापेक्षा वेगळे का?

साठ-सत्तर मुलांच्या वर्गात ४८ मिनिटांचे व्याख्यान देणे आणि एका मुलाला स्वतःचा प्रश्न शोधायला शिकवणे, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. व्याख्यानाची टिपणे एकदा तयार झाली की पुढच्या वर्षी कामी येतात. प्रकल्प मात्र दर वर्षी, दर मुलागणिक नवा असतो. एकीला कांद्याच्या बाजारभावाचा अभ्यास करायचा असतो, दुसऱ्याला दलित आत्मकथनांचा, तिसऱ्याला विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटचा. विषय खूप मोठा निवडला तर तो आटोक्यात आणणे, प्रश्नावली तपासणे, चुकलेली आकडेमोड दाखवून देणे, पहिला कच्चा मसुदा लाल शाईने भरून परत देणे आणि दुसरा पुन्हा वाचणे, ही सगळी कामे प्राध्यापकाचीच.

याच कामातून विद्यार्थी घडतो. शिक्षकाने आपले लिखाण शब्दन्‌शब्द वाचले, त्यावर आक्षेप घेतला आणि आपल्याला उत्तर द्यावे लागले, हा अनुभव आपल्याकडच्या बहुसंख्य पदवीधरांना कधीच मिळत नाही. ऑनर्सचे खरे आकर्षण तेवढेच आहे. ते काढून घेतले, तर चौथे वर्ष म्हणजे तिसऱ्या वर्षाचीच लांबलेली आवृत्ती.

कार्यभाराचे गणित जुळते का?

आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाने १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. आता एक साधे उदाहरण घेऊ. समजा एखाद्या विभागात दोन मान्यताप्राप्त मार्गदर्शक आहेत आणि १२ विद्यार्थ्यांनी संशोधनासह ऑनर्स निवडले. प्रत्येकाच्या वाट्याला सहा विद्यार्थी आले. प्रत्येकाला आठवड्यातून एकच तास दिला तरी सहा तास झाले. दर पंधरवड्याला प्रत्येकाचे लिखाण वाचायला एक तास धरला, तर आठवड्याला आणखी तीन तास. म्हणजे नऊ तास. हे नऊ तास १६ तासांत मोजायचे की त्यांच्यावर वाढीव?

मोजायचे ठरवले, तर त्या प्राध्यापकाचे पहिल्या ते तिसऱ्या वर्षाचे नऊ तास दुसऱ्या कुणी तरी घ्यायला हवेत. म्हणजे नवे पद हवे. वाढीव धरले, तर आठवड्याला २५ तास होतात आणि त्यात परीक्षा, उत्तरपत्रिका, प्रवेश समिती, ‘नॅक’ची कागदपत्रे आणि स्वतःचे पीएच.डी.चे विद्यार्थी आलेलेच नाहीत. शिवाय महाराष्ट्राच्या आराखड्यात पहिल्या तीन वर्षांतही क्षेत्रप्रकल्प, समाजसंपर्क आणि कार्यप्रशिक्षण आहेच. त्यांची देखरेखही याच मंडळींकडे असते.

अशा वेळी काय होते, हे महाविद्यालयांत वावरलेल्या कुणालाही ठाऊक आहे. कागदावर ‘मार्गदर्शन’ होते. विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात बांधीव प्रत घेऊन येतो, प्राध्यापक सही करतो. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळण्याची सोय आधीपासून होतीच. आता मोबाइलवरचे चॅटबॉट ते काम फुकटात आणि पाच मिनिटांत करून देतात. ही लबाडी पकडणारे सॉफ्टवेअर विकत घेता येईल. पण दर आठवड्याला ‘इथपर्यंत काय केलेस, दाखव’ असे विचारणारा माणूस असला, तर त्या सॉफ्टवेअरची गरजही फारशी पडत नाही.

तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचे काय?

खरी विसंगती इथे आहे. महाराष्ट्रातील पदवी शिक्षणाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापक उचलतात. त्यांपैकी अनेकजण नेट, सेट किंवा पीएच.डी. झालेले आहेत. काहींचे शोधनिबंध कायम प्राध्यापकांपेक्षा अधिक असतील. तरीही नियमानुसार त्यांना मार्गदर्शक होता येत नाही. आणि व्यवहारात पाहिले तर होऊन परवडतही नाही. त्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासांचा. विद्यार्थ्याचा मसुदा घरी बसून वाचण्याला ‘तास’ म्हणत नाहीत. सुट्टीत मानधन नसते आणि पुढच्या जूनमध्ये आपण याच महाविद्यालयात असू की नाही, याची खात्री नसते. वर्षभराच्या प्रकल्पाला वर्षभर टिकणारा मार्गदर्शक लागतो. नेमणूक सत्रापुरती असेल, तर जबाबदारी वर्षाची कशी द्यायची?

म्हणजे ज्यांच्याकडे पात्रता आहे त्यांच्याकडे पद नाही, आणि ज्यांच्याकडे पद आहे त्यांच्याकडे वेळ नाही. ऑनर्स या दोघांच्या मधल्या फटीत अडकणार आहे.

श्रेय कुणाच्या खात्यात?

पदोन्नतीच्या गुणांकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. २०१८ च्या नियमावलीतील संशोधन गुणांच्या तक्त्यात पीएच.डी. पूर्ण झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे मार्गदर्शकाला १० गुण आहेत, एम.फिल. किंवा पदव्युत्तर प्रबंधिकेमागे दोन. पदवीच्या विद्यार्थ्याच्या संशोधन प्रकल्पासाठी त्या तक्त्यात वेगळा रकानाच नाही. तेव्हा चौथे वर्ष नव्हते, त्यामुळे हे स्वाभाविकही होते. पण आज चौथे वर्ष आहे आणि रकाना तोच आहे. सहा मुलांमागे वर्षभर नऊ-नऊ तास देणारा प्राध्यापक आणि केवळ सही करणारा प्राध्यापक, दोघांच्या सेवापुस्तिकेत काहीच फरक पडत नसेल, तर पहिला किती वर्षे टिकेल? चांगुलपणावर एखादे वर्ष निभावते, व्यवस्था उभी राहत नाही.

दिल्लीचा अनुभव काय सांगतो?

दिल्ली विद्यापीठाने चार वर्षांची पदवी २०१३ मध्ये एकदा आणली होती. विद्यार्थी-शिक्षकांच्या विरोधानंतर आणि आयोगाच्या आदेशानंतर जून २०१४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. नव्या धोरणाखाली २०२२-२३ पासून ती पुन्हा सुरू झाली आणि पहिली तुकडी २०२५-२६ मध्ये चौथ्या वर्षात गेली. तिथे विद्यार्थ्यांना प्रबंधिका, शैक्षणिक प्रकल्प किंवा उद्योजकता असे पर्याय देण्यात आले. शिक्षक संघटनांनी तेव्हा उपस्थित केलेले मुद्दे मराठी वाचकाला ओळखीचे वाटतील : वाढीव पदे नाहीत, खोल्या नाहीत, प्रयोगशाळा अपुऱ्या आणि मार्गदर्शनाचे तास कार्यभारात कसे मोजायचे याबद्दल गोंधळ. देशाच्या राजधानीतील, ऑनर्सची जुनी परंपरा असलेल्या विद्यापीठाची ही कथा असेल, तर मराठवाड्यातील किंवा कोकणातील तालुक्याच्या महाविद्यालयाने आतापासून तयारी केली नाही, तर काय होईल याचा अंदाज करायला ज्योतिषी लागत नाही.

ऑनर्स चालते तिथे प्राध्यापक काय करतात?

अमेरिकेतील फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर महाविद्यालयाचे उदाहरण इथे उपयोगी आहे. फ्रँक आयडेलॉट ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आले होते. स्वार्थमोरचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी १९२२ मध्ये तिथे ऑनर्सची पद्धत सुरू केली. शेवटच्या वर्षांत विद्यार्थी मोजक्या जणांच्या चर्चासत्रांत शिकतात, निबंध लिहून आणतात आणि एकमेकांसमोर त्याचे समर्थन करतात. अखेरीस परीक्षा घेतात ते बाहेरच्या विद्यापीठांतून आलेले परीक्षक. लेखी आणि तोंडी दोन्ही.

या रचनेत प्राध्यापकाची जागाच बदलते. गुण देणारा तो नसल्यामुळे विद्यार्थी त्याच्यापासून काही लपवत नाही. दोघेही एकाच बाजूला बसून बाहेरच्या परीक्षकाला सामोरे जाण्याची तयारी करतात. आपल्याकडे ७५ टक्क्यांची अट आणि अंतर्गत गुण यांची सांगड बसली की उलटे घडण्याची भीती आहे. मुलगा ऑनर्सला पात्र ठरावा म्हणून गुण सैल सोडण्याचा दबाव त्याच्याच प्राध्यापकावर येणार.

अर्थात तुलना जपून करायला हवी. स्वार्थमोर हे लहान, खासगी आणि श्रीमंत महाविद्यालय आहे. पण मोठ्या सरकारी विद्यापीठांनीही आपापले मार्ग काढले आहेत. ॲरिझोना स्टेट विद्यापीठात बॅरेट हे स्वतंत्र ऑनर्स महाविद्यालय १९८८ पासून आहे. पहिल्या वर्षाची चर्चासत्रे घेण्यासाठी तिथे वेगळे प्राध्यापक नेमलेले आहेत आणि शेवटच्या प्रबंधासाठी विद्यार्थी मूळ विभागातील प्राध्यापकांकडे जातात. वेगळे प्राध्यापक नसतील तिथे ऑनर्स विभाग इतर विभागांकडून शिक्षक ‘उसने’ घेतो आणि मग त्या विभागांची कुरकुर सुरू होते. श्रीमंत देशांतही हा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. फरक एवढाच की तिथे तो प्रश्न आहे हे मान्य केले जाते.

पदव्युत्तर विभाग आहेत, मग अडचण कसली?

धोरणाच्या बाजूने दिले जाणारे उत्तर असे : चौथे वर्ष पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाच्या पातळीचे आहे. जिथे एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. चालते तिथले प्राध्यापक ते शिकवतील. शिवाय चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना पदव्युत्तरचे एकच वर्ष लागेल, त्यामुळे एकूण भार वाढत नाही.

या युक्तिवादात तथ्य आहे. शहरांतील मोठ्या स्वायत्त महाविद्यालयांत तो बऱ्याच अंशी लागूही पडेल. पण काही वर्षे तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांच्या पदव्युत्तरला येणारे आणि चौथ्या वर्षाचे विद्यार्थी असे दोन्ही प्रवाह सोबत चालणार आहेत. तोपर्यंत भार वाढणारच. दुसरे म्हणजे, अनेक महाविद्यालयांत पदव्युत्तर वर्ग विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. तिथले प्राध्यापक अनुदानित पदवी विभागातून उसने घेतलेले किंवा तासिका तत्त्वावरचे. एकाच माणसाचे नाव तीन ठिकाणच्या वेळापत्रकात लिहिल्याने माणसे तीन होत नाहीत.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. जिथे पदव्युत्तर विभागच नाही, तिथल्या विद्यार्थ्यांनी जायचे कुठे? तालुक्याच्या गावात एस.टी.च्या पासवर तीन वर्षे शिकलेल्या मुलीला चौथ्या वर्षासाठी जिल्ह्याला किंवा शहराला जावे लागेल. वसतिगृह, खानावळ आणि घरच्यांची परवानगी, तिन्ही जुळले तर. नाही जुळले, तर ८० टक्के गुण असूनही ती तीन वर्षांची पदवी घेऊन थांबेल. कागदावर त्याला ‘तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडण्याचा पर्याय’ म्हणतील. तो पर्याय तिने निवडला नसेल, मार्गदर्शक नसल्याने तिच्यावर आला असेल. पुढे एकाच जाहिरातीला अर्ज करणाऱ्या दोघांपैकी एकाकडे ‘संशोधनासह ऑनर्स’ असेल आणि दुसरीकडे नसेल. गुणवत्तेतला हा फरक खरे तर गावातल्या रिकाम्या पदांचा असेल.

मग करायचे काय?

चौथे वर्ष रद्द करा, हे याचे उत्तर नाही. कल्पना चांगली आहे. आपल्या पदवीधराला निदान एकदा तरी स्वतःचा प्रश्न स्वतः सोडवायला मिळाला पाहिजे. पण त्यासाठी काही गोष्टी आधी व्हायला हव्यात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा फार खर्चिक नाहीत.

पहिली, मार्गदर्शनाचे तास कार्यभारात धरण्याचा स्पष्ट शासन निर्णय. एका विद्यार्थ्यामागे आठवड्याला किती तास, हे आकड्यात लिहिले पाहिजे. ते एकदा लिहिले की किती पदे लागतील याचा हिशेब आपोआप बाहेर येतो. कदाचित म्हणूनच तो लिहिला जात नसावा.

दुसरी, एका प्राध्यापकामागे किती ऑनर्स विद्यार्थी याची मर्यादा. पीएच.डी.साठी सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि प्राध्यापकाला आठ अशी कमाल मर्यादा आहे. पदवीच्या प्रकल्पासाठी ती वेगळी असू शकते, पण असली पाहिजे.

तिसरी, जवळपासच्या महाविद्यालयांचे समूह. एका तालुक्यातील चार महाविद्यालयांत मिळून अर्थशास्त्राचे तीन मान्यताप्राप्त मार्गदर्शक असतील, तर त्यांनी चारही ठिकाणच्या मुलांना वाटून घ्यावे. आठवड्यातून एक दिवस प्राध्यापकाने प्रवास करणे हे २० मुलींनी शहरात खोली शोधण्यापेक्षा सोपे आहे. त्याचा प्रवासभत्ता मात्र वेळेवर मिळायला हवा.

चौथी, तासिका तत्त्वावरील पात्र प्राध्यापकांना सहमार्गदर्शक म्हणून घेणे, त्यासाठी पूर्ण शैक्षणिक वर्षाची नेमणूक देणे आणि मार्गदर्शनाचा वेगळा मोबदला ठरवणे. हा कायम भरतीला पर्याय नाही, ती होईपर्यंतची सोय आहे. सोयीचे रूपांतर रीतीत होऊ नये, हे पाहणे संघटनांचे काम.

पाचवी, मूल्यमापन बाहेरच्या परीक्षकाकडे. मार्गदर्शकाने शिकवावे, गुण दुसऱ्या महाविद्यालयातील प्राध्यापकाने तोंडी परीक्षा घेऊन द्यावेत. अर्ध्या तासाच्या समोरासमोरच्या प्रश्नोत्तरात प्रकल्प कुणी लिहिला हे बहुतेक वेळा कळते.

आणि सहावी, पदोन्नतीच्या तक्त्यात एक नवा रकाना. त्याला पैसा लागत नाही, फक्त निर्णय लागतो.

वेळ किती उरला?

प्राध्यापक भरतीचा प्रवास लांबचा असतो. आकृतिबंध, वित्त विभागाची मान्यता, ना हरकत प्रमाणपत्र, बिंदुनामावली, जाहिरात, निवड समिती आणि मध्येच एखादी न्यायालयीन याचिका. आज फाइल हलली तरी संलग्न महाविद्यालयांच्या पहिल्या तुकडीला तिचा उपयोग होईलच, असे नाही. म्हणून भरती सुरू करणे आणि वरच्या सोयी उभ्या करणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हायला हवीत.

महाविद्यालयांनीही एक गोष्ट प्रामाणिकपणे करावी. माहितीपत्रकात ‘ऑनर्स उपलब्ध’ असे छापताना, कोणत्या विषयात, किती मार्गदर्शक आणि प्रत्येकाकडे किती जागा, हेही त्याच ओळीत छापावे. पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी प्रवेश घेताना इमारत, वातानुकूलित वर्ग आणि कॅम्पसमधील कॅन्टीन पाहण्याआधी हा एक प्रश्न विचारावा : ‘माझा प्रकल्प कोण वाचणार?’ ज्या महाविद्यालयाला याचे उत्तर नावानिशी देता येईल, तिथेच चौथ्या वर्षाची फी भरण्यात अर्थ आहे.